राणीच्या बागेतले पिंजऱ्यातले पक्षी लहान मुलीला दाखवायला न्यावं का? ते पक्षी सोडून का देत नाहीत?

न्या, अवश्य न्या. बुधवारी बाग बंद असते, तेवढा वार टाळा आणि सकाळी दार उघडताच आत शिरा. उन्हं चढली की पक्षी सावलीला दडतात आणि पोरं किरकिर करतात.

खरं तर मी उत्तर लिहायला बसले ते तुमच्या दुसऱ्या वाक्यामुळे. ‘सोडून का देत नाहीत’ हे माझ्या थोरल्या भावाचं वाक्य आहे.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो. घरी राघू होता, साधा हिरवा, गळ्याला गुलाबी-काळा गोफ असलेला. वडिलांनी बाजारातून आणलेला. तेव्हा पोपट उघड विकले जायचे. पिसं झडून नवी आली की वडील कात्री घ्यायचे आणि मी राघूला पंचात गुंडाळून धरायचे. नऊ वर्षं तो आमच्या गॅलरीत राहिला. सकाळी स्टोव्हचा आवाज झाला की ‘आई, च्या’ म्हणायचा. तेवढं एकच वाक्य त्याला येत होतं.

1993 च्या 15 ऑगस्टला दादाने पिंजऱ्याचं दार उघडलं. आज यालाही स्वातंत्र्य, म्हणाला. राघू बाहेरच येईना. दादाने हात घालून त्याला काढला आणि कठड्यावर ठेवला. तो चोचीने लाकूड धरत, आडवा आडवा चालत कपड्यांच्या काठीपर्यंत गेला आणि मान वळवून म्हणाला, ‘आई, च्या.’ दादाने टाळी वाजवली. राघू उडाला नाही, तिरका खाली गेला आणि समोरच्या पत्र्यावर आपटला. मी दोन जिने उतरून पोचेपर्यंत कावळे जमले होते. माझ्या हाती पंखाची चार पिसं आली. कागद कापावा तशी सरळ कापलेली.

कातरलेलं पीस नखासारखं वाढत नाही. ते झडून त्या जागी नवं यावं लागतं आणि त्यात वर्षही जातं. नवी पिसं आली तरी छातीत बळ कुठून येणार? नऊ वर्षं वीतभर हालचाल करणाऱ्या पक्ष्याला ना कावळा कळतो ना मांजर, खाणं कुठे शोधायचं तेही नाही. पंख कातरलेत हे आपल्याला माहीत नव्हतं, असं दादा म्हणतो. मी म्हणते, एकाच खोलीत राहून माहीत नव्हतं कसं? वर तो म्हणतो, निदान घडीभर तरी मोकळा जगला. मी त्या घडीला तिथेच उभी होते. तो घाबरलेला होता.

जानेवारी 2020 मध्ये राणीच्या बागेत पक्ष्यांचं नवं मोठं दालन उघडलं. वर जाळी, आत झाडं आणि पाणी, आणि आपण चालत आत जायचं. दादाच्याच मुलीला मी तिथे घेऊन गेले. रंगीत करकोचा इतका जवळ होता की चोचीचा पिवळा रंग आणि त्यावरचे ओरखडेही दिसत होते. त्याने एक पाय दुमडला तर भाची आपोआप कुजबुजत बोलायला लागली. घरच्या टीचभर पिंजऱ्यातल्या पक्ष्याकडे पाहून कुणी कधी आवाज खाली आणल्याचं मला आठवत नाही.

आणि सोडायचं म्हणजे कुठे? तिथले हम्बोल्ट पेंग्विन हेही पक्षीच. त्यांचं मूळ पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर, आणि 2016 मध्ये ते इथे आले ते सेऊलहून. मकाव हा मोठा रंगीत पोपट दक्षिण अमेरिकेतला. त्यांना भायखळ्यात मोकळं सोडणं म्हणजे आमच्या राघूचं झालं तेच. संक्रांतीच्या मांज्याने पंखाचं हाड कापलं गेलेल्या घारीचंही तसंच. हाड वाकडं जुळलं की ती पुन्हा उडत नाही. अशा पक्ष्याला जन्मभर कुणीतरी सांभाळावंच लागतं.

याचा अर्थ सगळे पिंजरे चांगले असा नाही. आमचा नव्हता, हे मी कबूल करते. जो पक्षी बरा होऊन उडू शकतो त्याला सोडलंच पाहिजे, पण पारखून, योग्य जागी, जाणकारांच्या हातून. तुमच्या शेजारीपाजारी कुणाकडे राघू असेल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो घरात ठेवता येत नाही. म्हणून गॅलरीचं दार उघडू नका, वनखात्याच्या 1926 वर फोन करा. बजरी, कॉकटील यांची गोष्ट वेगळी, ते छोटे परदेशी पोपट आहेत. पण तेही बाहेर सोडू नका.

मुलगी विचारेल तेव्हा हे सगळं तिला सांगा. माझ्या भाचीला मी सांगितलं. तिने घरी जाऊन दादाला विचारलं, ‘बाबा, टाळी का वाजवलीत?’