आई-वडिलांसोबत एका आठवड्यात प्राचीन मंदिरे पाहायची आहेत. कोणता भाग निवडावा आणि स्थानिक गाईड घ्यावेत का?

आपण लिहिले आहे की पुण्याहून चौघे निघणार आहात, त्यांत आई-वडील सत्तरीच्या जवळ आहेत, वेरूळ पाहून झाले आहे आणि हाताशी सात दिवस आहेत. एवढ्या माहितीवर मी एकच प्रदेश सुचवीन, तो म्हणजे उत्तर कर्नाटकातील मलप्रभेचे खोरे आणि तेथून पुढे हंपी. तंजावर, खजुराहो किंवा भुवनेश्वर यांचे मोल कमी नाही. परंतु तेथे जाण्या-येण्यातच दोन-तीन दिवस खर्ची पडतात. शिवाय ज्याने वेरूळचे कैलास लेणे पाहिले आहे, त्याला त्या लेण्याच्या आधी काय घडले हे याच खोऱ्यातील पट्टदकलला उभे राहून समजते.

गाईडबद्दलचे माझे मत आधीच सांगतो. सातही दिवस एकच गाईड सोबत नेऊ नये. प्रत्येक ठिकाणी त्या गावचा गाईड अर्ध्या दिवसासाठी घ्यावा आणि उरलेला अर्धा दिवस तीच जागा स्वतः पुन्हा पाहावी. ऐकताना पाहणे आणि ऐकून झाल्यावर पाहणे यांत फार फरक असतो. सहल-कंपन्यांच्या कार्यक्रमात हा दुसरा भाग नसतो. बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे एका दिवसात उरकणाऱ्या गाड्या आपल्याला तेथे रोज दिसतील. त्यांतील प्रवाशांना संध्याकाळी कोणते शिल्प कोठे पाहिले हेही आठवत नसते.

पहिला मुक्काम बदामीला करावा आणि तो चार रात्रींचा असावा. पुणे, सोलापूर, विजयपूर, बागलकोट या मार्गाने गदगकडे जाणारी रेल्वे बदामीला थांबते. स्थानक गावापासून सुमारे पाच किलोमीटर दूर असले तरी रिक्षा मिळतात. स्वतःची गाडी नेणार असाल तर कोल्हापूर-बेळगावमार्गे जाता येईल, मात्र दोन्ही वेळा एवढे अंतर घरातल्याच माणसाने चालवण्यापेक्षा बदामीतून ड्रायव्हरसह गाडी ठरवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पोहोचलेल्या दिवशी दुपारी विश्रांती घ्यावी आणि उन्हे उतरल्यावर अगस्त्य तलावाच्या पूर्वेकडील भूतनाथ मंदिरापर्यंत चालत जावे. वाट सपाट आहे, तिकडे गाईडची गरज नाही, आणि मावळतीच्या उजेडात समोरचे तांबडे कडे पाहिले की चालुक्यांनी राजधानीसाठी हीच जागा का निवडली असावी हे आपोआप कळते. पहिल्या पुलकेशीने हा डोंगर तटबंदीने बळकट केल्याचा शक 465 चा, म्हणजे इ.स. 543 चा, लेख तेथील कड्यावरच कोरलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर लेण्यांकडे निघावे. चार लेणी डोंगराच्या अंगावर एकापेक्षा एक उंचावर असल्यामुळे पायऱ्या चढाव्या लागतात. आई-वडिलांना चौथ्या, जैन लेण्यापर्यंत जाणे जमले नाही तरी तिसरे मात्र चुकवू नये. पहिल्या लेण्याच्या उजव्या अंगाला अठरा हातांचा नृत्यमग्न शिव आहे. बहुतेक गाईड तेथे हातांच्या जोड्या करून कोणत्या नृत्यमुद्रा तयार होतात हे दाखवतात आणि ते ऐकण्यासारखे असते. तिसरे लेणे विष्णूचे असून चालुक्य राजा पहिला कीर्तिवर्मा याच्या काळात त्याचा भाऊ मंगलेश याने खोदवले आहे. त्यातील लेखावर शक 500, म्हणजे इ.स. 578, असा काळ नोंदलेला असल्यामुळे आजूबाजूच्या बाकीच्या लेण्यांचा क्रम लावताना अभ्यासकांना हा मोठा आधार ठरतो. व्हरांड्याच्या एका टोकाला शेषाच्या वेटोळ्यांवर बसलेला विष्णू आहे. त्याच्यासमोर थोडा वेळ बसून राहावे. नंतर मान वर करून खांबांच्या माथ्याजवळचे तिरके आधार पाहावेत, कारण प्रत्येक आधारावर झाडाखाली उभे असलेले एकेक युगुल कोरले आहे आणि कोणतीही दोन युगुले सारखी नाहीत. येथील माकडांविषयी मात्र सावध राहावे. हातात पिशवी असली की तिच्यात खाऊच आहे असे ती गृहीत धरतात.

दुपारी पुरातत्त्व खात्याचे छोटे संग्रहालय पाहून बनशंकरीला जावे. आपल्या घराण्याची कुलदेवता बनशंकरी असेल तर हे सांगण्याची गरजच नाही, कारण महाराष्ट्रातील कितीतरी घराण्यांची ती कुलस्वामिनी आहे. नसली तरी मंदिराबाहेर बसणाऱ्या बायकांकडची ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि दही यांसाठी तरी जावे. पौष पौर्णिमेच्या सुमारास येथे मोठी जत्रा भरते. त्या दिवसांत बदामीत खोली मिळणे कठीण होते, म्हणून तारखा ठरवताना पंचांग पाहून घ्यावे.

तिसरा दिवस संपूर्ण ऐहोळ्याला द्यावा. सव्वाशेच्या आसपास मंदिरे असलेले हे गाव बदामीहून सुमारे पस्तीस किलोमीटरवर आहे, आणि मंदिराला आकार कसा द्यावा याचे प्रयोग येथे चालले होते हे एकेका वास्तूपुढे जाणवत राहते. लाडखान मंदिराचे दगडी छप्पर उतरते असून दोन फरशांमधील फट झाकण्यासाठी वर लांब दगडी पट्ट्या बसवल्या आहेत. लाकडी घराची रीत कारागिराने दगडात तशीच उतरवली आहे. दुर्ग मंदिराची मागची बाजू चैत्यगृहासारखी अर्धगोल आहे आणि भोवती खांबांचा प्रदक्षिणामार्ग आहे. गाईडची पारख करायची असेल तर येथेच करावी. हे दुर्गादेवीचे मंदिर म्हणून त्याला दुर्ग म्हणतात असे त्याने ठामपणे सांगितले, तर पुढचे सारे थोडे सावधपणे ऐकावे. हे नाव देवीवरून आलेले नाही. मंदिर एके काळी तटबंदीच्या आत आले होते, त्या दुर्गावरून ते रूढ झाले. लाडखान हेही देवाचे नाव नसून पूर्वी त्या वास्तूत राहिलेल्या माणसाचे आहे.

ऐहोळ्याच्या टेकडीवर मेगुती नावाचे जैन मंदिर आहे. चढण फार मोठी नाही, तरी ज्येष्ठांनी खालीच रावणफडी लेण्यापाशी थांबावे आणि ज्यांचे पाय साथ देतात त्यांनी वर जाऊन यावे. वर जायचे ते रविकीर्तीच्या शिलालेखासाठी. इ.स. 634 च्या या संस्कृत प्रशस्तीत दुसऱ्या पुलकेशीने हर्षाला रोखल्याचे वर्णन आहे, कवी स्वतःची तुलना कालिदास आणि भारवी यांच्याशी करतो, आणि नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांवर पुलकेशीची सत्ता होती असे सांगतो. मराठी माणसाने त्या भिंतीसमोर उभे राहून एवढी एक ओळ तरी गाईडकडून बोट ठेवून दाखवून घ्यावी. ऐहोळ्यात आयत्या वेळी चांगला गाईड मिळेलच असे नाही, म्हणून आदल्या दिवशी बदामीच्या गाईडलाच विचारून ठेवलेले बरे. ही मंडळी एकमेकांना ओळखतात.

चौथ्या दिवशी पट्टदकल. माझ्या दृष्टीने संपूर्ण सहलीचा गाभा हाच आहे. नदीकाठच्या एकाच आवारात, सपाट जमिनीवर, दक्षिणेकडील पायऱ्यापायऱ्यांची विमाने, म्हणजे गाभाऱ्यावरचे मनोरे, आणि उत्तरेकडील वक्ररेषेची शिखरे शेजारी शेजारी उभी आहेत. 1987 मध्ये या समूहाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. दुसऱ्या विक्रमादित्याने पल्लवांची कांची जिंकली, पण ती लुटली नाही; उलट तेथील कैलासनाथ मंदिराची संपत्ती देवालाच परत दिल्याचा कन्नड लेख त्याने त्याच मंदिरात कोरून ठेवला. त्या विजयाच्या स्मरणार्थ त्याची राणी लोकमहादेवी हिने पट्टदकलला जे मंदिर बांधवले, त्याला आज आपण विरूपाक्ष म्हणतो. पूर्वेकडील दारावर स्थपती गुंड याचा सन्मान केल्याचे लेख आहेत. राजाराणींची नावे सगळीकडेच सापडतात, बांधणाऱ्याचे नाव क्वचित सापडते, त्यामुळे गाईड ते दाखवायचे विसरला तर आठवण करून द्यावी. पुढे नंदीमंडप, मग सभामंडप, मग विमान असा क्रम पाहताना आपल्याला वेरूळ आठवेलच. चालुक्यांची सत्ता संपवणाऱ्या राष्ट्रकूटांपैकी पहिल्या कृष्णाच्या काळात कैलास लेणे खोदले गेले आणि त्याचा आराखडा या मंदिराच्या फार जवळचा आहे.

आत अंधार असतो. एक साधी विजेरी जवळ ठेवावी आणि प्रकाश समोरून न टाकता बाजूने तिरका टाकावा, म्हणजे खांबांवरील उथळ कोरीव काम उठून दिसते. सीताहरण आणि जटायू शोधायला आई-वडिलांना कोणाची मदत लागणार नाही. तेथून पापनाथ मंदिराकडे जावे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर रामायणाचे प्रसंग ओळीने कोरले आहेत आणि काही आकृत्यांजवळ त्या त्या पात्रांची नावेही खोदली आहेत. आठव्या शतकातील प्रेक्षकालाही मदतीची गरज वाटत होती, हे पाहून आजच्या गाईडविषयी आपुलकी वाटू लागते. विरूपाक्षात आजही पूजा होते, त्यामुळे चपला बाहेर काढाव्या लागतात. दुपारी फरशी तापते, म्हणून मोजे जवळ असू द्यावेत. परतताना वाटेतील महाकूट या मंदिरसमूहाच्या कुंडापाशी तासभर थांबता येईल.

पाचव्या दिवशी मुक्काम हलवायचा. बदामीहून थेट हंपीला जाणारे बहुतेक लोक वाटेतील लक्कुंडी आणि इटगी टाळतात. मला ते पटत नाही. गदगहून लक्कुंडी जेमतेम बारा किलोमीटरवर आहे. येथपर्यंत आपण खरखरीत तांबूस वालुकाश्म पाहिलेला असतो; येथे मऊ, काळसर-हिरवट दगड सुरू होतो आणि कोरीव काम एकदम दागिन्यासारखे बारीक होते. दानशूर अत्तिमब्बेने बांधवलेले जैन मंदिर, काशिविश्वेश्वराच्या दारावरील एकात एक बसवलेल्या द्वारशाखा, म्हणजे चौकटीच्या कोरीव पट्ट्या, आणि माणिकेश्वराजवळची पायऱ्यांची बारव एवढे पाहिले तरी पुरे. पुढे इटगीचे महादेव मंदिर हे 1112 मधील, सहाव्या विक्रमादित्याचा सेनापती महादेव याने उभारलेले. तेथील लेखात या मंदिराला ‘देवालय चक्रवर्ती’ म्हटले आहे. या दोन्ही गावी गाईड शोधत बसू नये; पुरातत्त्व खात्याचा पहारेकरी आपणहून कुलूप काढून चार गोष्टी दाखवतो, त्याच्या हातावर काहीतरी ठेवावे.

शेवटचे दोन दिवस हंपी. राहण्याची सोय होस्पेटला सोयीस्कर पडते. हंपी प्राचीन नव्हे, मध्ययुगीन आहे: विजयनगरची स्थापना 1336 ची आणि राजधानीचा विध्वंस 1565 च्या लढाईनंतरचा. म्हणून आपल्या प्रश्नाच्या चौकटीत मी तिला दुय्यम स्थान देतो, पण पसारा इतका मोठा आहे की येथे गाईड सर्वांत अधिक उपयोगी पडतो. काय पाहायचे यापेक्षा काय सोडायचे हे त्याच्याशी सकाळीच ठरवून घ्यावे. आमच्यासोबत ज्येष्ठ आहेत, मातंग टेकडी नको, सूर्यास्त माल्यवंत टेकडीवरून पाहू, असे सरळ सांगावे. माल्यवंतावर गाडी वरपर्यंत जाते. विठ्ठल मंदिराकडे जाण्यासाठी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात. तेथे काढलेले तिकीट त्याच दिवशी हत्तीशाळा-राणीवशाच्या आवारात आणि कमलापूरच्या संग्रहालयात चालते, तेव्हा ही तिन्ही ठिकाणे एकाच दिवसात बसवावीत. विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठोबा हंपीला नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, ही आपल्याकडची कथा गाईडला जरूर विचारावी; त्याच्या तोंडून ती वेगळ्या वळणाने ऐकायला मिळते. हजारराम मंदिरात पुन्हा रामायण भेटते, या वेळी भिंतींवर पट्ट्यापट्ट्यांनी, आणि पापनाथाची भिंत डोळ्यांपुढे ताजी असल्यामुळे फरक लगेच लक्षात येतो.

गाईडच्या व्यवहाराविषयी थोडे. पर्यटन खात्याचे ओळखपत्र पाहावे, पैसे माणशी नसून गटाचे आहेत हे पक्के करावे, किती तास आणि कोणती ठिकाणे हे निघण्याआधी बोलून घ्यावे. भाषेची अडचण सहसा येत नाही. हिंदी बहुतेकांना येते. वडीलधाऱ्यांसाठी सावकाश बोला एवढे सांगितले की पुरते. दुकानांत नेणे हा या व्यवसायाचा भागच आहे, त्याचा राग मानू नये. मात्र खरेदी शेवटी करू असे आधीच सांगावे. बदामीच्या बाबतीत मी स्वतः उलट सल्ला देईन, कारण खणांसाठी प्रसिद्ध असलेले गुळेदगुड्ड तेथून जवळ आहे आणि इरकलही फार दूर नाही. आपल्या मातोश्रींना हे कळल्यावर कार्यक्रमातील एक दुपार तशीही हातची जाणारच, तर ती ऐहोळ्याच्या दिवशीच धरून ठेवा.

जायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात. मार्चपासून दगड तापतो आणि दुपारचे चार तास वाया जातात. बदामीचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्यामुळे बुधवारी पोहोचून गुरुवारी लेणी आणि संग्रहालय उरकणे सोयीचे पडेल. परतीची गाडी विजयपूरमार्गे असेल आणि तेथे उतरून दुसरी गाडी धरण्याइतका वेळ असेल, तर गोलघुमटाच्या आवारातील संग्रहालयात मंगलेशाचा महाकूट स्तंभलेख ठेवलेला आहे. मूळ जागी तो आपल्याला दिसलेला नसेल, तो येथे पाहता येईल.