तयार प्रोजेक्ट घ्यावा की माग मोजावा?

प्रश्न: इलेक्ट्रॉनिक्सचं तिसरं वर्ष, आमचा चौघींचा गट. बाजारात प्रोजेक्ट रिपोर्टसकट तयार मिळतो. सर म्हणतात, स्वतः करा, पुढे कुठल्याही नोकरीत उपयोगी पडेल असं शिकाल. म्हणजे नक्की काय? – विद्यार्थिनी, होटगी रोड, सोलापूर

उत्तर: तयार प्रोजेक्ट घेतलात तर तोंडी परीक्षेपुरती उत्तरं पाठ होतील, बस. त्यापेक्षा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या एखाद्या कारखान्यात मालकाची परवानगी घ्या आणि एका मागाजवळ एक पाळी वही घेऊन बसा. माग कधी थांबला, किती वेळ, कशामुळे, एवढंच टिपा. मग हेच आपोआप टिपणारं सर्किट बनवा. सोल्डरिंग त्यानंतर.

साध्या यंत्रमागात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे माग चालवणाऱ्या मुख्य आसाच्या, एका फेऱ्याला एक आडवा धागा पडतो. मिनिटाला १५० फेरे धरले तर शाफ्टजवळच्या सेन्सरकडून दर ०.४ सेकंदाला एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका. २ सेकंद पल्स आली नाही की माग थांबला असं समजायचं. सेन्सर इंडक्टिव्हच घ्या, म्हणजे धातू जवळ आला की ओळखणारा, १२ मिमी व्यासाचा, एनपीएन प्रकारचा. इन्फ्रारेड स्वस्त पडतो, पण कापसाचे बारीक तंतू बसून दोन दिवसांत आंधळा होतो. शाफ्टवरच्या बोल्टच्या डोक्यापासून अंतर २ मिमी ठेवा. ४ मिमीची क्षमता कागदावरची. हादऱ्याने अंतर वाढलं की पल्स गळतात, म्हणून सेन्सरचे दोन्ही नट घट्ट आवळा. सेन्सरला १२ व्होल्ट लागतात, पल्स मोजणाऱ्या ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाची पिन ३.३ व्होल्टची. मध्ये पीसी८१७ ऑप्टोकपलर (दोन्ही बाजू वेगळ्या ठेवून प्रकाशातून सिग्नल देणारा सुटा भाग) आणि १ किलोओहमचा रेझिस्टर घाला, नाहीतर बोर्ड जळायचा.

खरी अडचण पुढे येते. थांबण्याचं कारण कळावं म्हणून तीन बटणं द्याल: उभा धागा तुटला, आडव्या धाग्याची कांडी संपली, इतर. विणकर ती दाबणार नाही. ज्याची मजुरी कापडावर ठरते, तो आधी धागा जोडेल. शिवाय ही मोजणी आपल्याच मजुरीवर उठणार, अशी शंका त्याला येणारच, आणि ती रास्त आहे. म्हणून आकडे कोण बघणार हे मालकासमोरच ठरवून घ्या, विणकराला सांगा, आणि बटणं चालू करायच्या दांड्याशेजारी बसवा, जाता जाता हात पडेल अशी. सर म्हणतात ते शिकणं हेच: माणसाला विचारून डिझाइन बदलणं. मुलाखतीत सर्किटपेक्षा या बदलाबद्दल बोला. पहिलं बटण कुठे होतं, का हलवलं, त्यानंतर नोंदी किती वाढल्या.

प्रश्न: गटातली एक जण काहीच करत नाही, गुण मात्र सगळ्यांना सारखे. काय करावं?

उत्तर: तक्रार शेवटी नेलीत तर सरांच्या हातात काही उरत नाही. पहिल्या आठवड्यापासून एकच वही ठेवा: तारीख, काम, कोणाकडे, झालं की नाही. दर शनिवारी चौघींच्या सह्या, मग सरांची. सलग दोन शनिवार एकीच्या नावापुढे ‘नाही’ आलं, तर आधी तिला विचारा. बऱ्याचदा काम जमत नसतं, आणि सांगायची लाज वाटते. तिला प्रोग्रामिंगऐवजी मागाजवळच्या नोंदी द्या.