घरातली सगळी कामं मी स्वतः करते. तरीही वेगळा व्यायाम करायलाच हवा का?

नाही, जिमला जायलाच हवं असं मुळीच नाही. "घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे" असं तुम्हाला ज्यांनी ऐकवलं, त्यांना व्यायाम म्हणजे काय हेच कळलेलं नाही.

मी तावातावाने लिहितेय, कारण हे वाक्य मी घरात वर्षानुवर्षं ऐकत आलेय. माझा धाकटा दीर रोज न चुकता धावतो, त्याचं मला कौतुकच आहे. पण "वहिनी, दमणं वेगळं आणि व्यायाम वेगळा" हे त्याचं ठरलेलं. एकदा पंप बिघडला आणि खालच्या टाकीतलं पाणी वर न्यायची वेळ आली. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या, समोर जिना, पाणी हिंदकळू नये म्हणून पोट आवळलेलं, आणि कडी रुतून बोटांवर पांढरे वळ. दिराने आपलं पावलं मोजणारं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. पाणी भरून झाल्यावर पाहिलं तर पावलं जेमतेम. "बघा, घड्याळ काय म्हणतंय!" सगळे हसले. मला ते फार लागलं. अहो, ते घड्याळ हाताच्या हालचालीवरून पावलं ओळखतं. बादली धरलेला हात हलतोय कुठे? त्याच घड्याळात नाडीचे ठोकेही दिसत होते. तो आकडा मी त्याच्यापुढे धरला. धावताना त्याचा असतो, जवळजवळ तेवढाच. तर म्हणे, "ते वजनामुळे." मग वजन उचललं कोणी होतं?

हे काही माझं एकटीचं म्हणणं नाही. 1953 साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या लोकांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा सतत जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. ड्रायव्हर मुळातच जाड होते, हेही त्यांनी पुढे गणवेशांच्या मापांवरून तपासलं, म्हणजे फरकाचं सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. पण कामातली हालचाल मोजायला हवी, हा विचार तिथून रुजला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम सांगते आणि त्यात घरकाम धरते. पूर्वी सलग 10 मिनिटं तरी हवीत अशी अट होती, ती 2020 मध्ये काढली. म्हणजे दिवसभरात तुकड्या-तुकड्यांत केलेलं कामही जमेस धरायचं.

मात्र काम अंगाला लागलं पाहिजे. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप लागली की ते मध्यम श्रम. केर काढणं, लादी पुसणं, गाद्या उचलून झटकणं, जड सामान घेऊन जिना चढणं यात येतं. भांडी विसळणं आणि कपड्यांच्या घड्या घालणं यात येत नाही, कितीही वेळ उभं राहावं लागलं तरी. रमतगमत केलेलं काम या मध्यम श्रमांत धरता येत नाही, भरभर करा.

आता तुम्ही विचारलंय म्हणून सांगते, एक उणीव राहते. आठवड्यातून दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकद लावावी लागेल असं काहीतरी हवं, आणि घरकामात तेच ते स्नायू वापरले जातात, तेही बहुतेक वाकून. त्यासाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि भिंतीला हात लावून जोर काढणं पुरे. बादली उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यांत वाका, आणि श्वास रोखू नका. रक्तदाब किंवा गुडघ्यांचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पोटासाठी दिवसभर ओझी वाहणाऱ्यांना हे लागू नाही. त्यांना विश्रांती हवी असते.

बाकी, तुम्हाला असं ऐकवणारी व्यक्ती घरातलीच असेल, तर जिना धुणं आणि पंखे पुसणं आठवड्यातून दोनदा तिच्याकडे सोपवा. दिराला मी हेच सांगितलंय. ज्या कामांना तो व्यायाम मानत नाही, ती त्याने आजवर एकदाही केलेली नाहीत.