विचारा बिनधास्त : सूर्याचा डोळा

प्रश्न : न्यूयॉर्कला युनोच्या मुख्यालयात एका उंच, शिडशिडीत बाईचा ब्राँझचा पुतळा आहे, त्याचा फोटो बघितला. नायजेरियाने दिलाय म्हणे. कोणी केलाय? आणि खरं सांगू का, मला तर तो युरोपियन मॉडर्न आर्टच वाटला, यात आफ्रिकन काय आहे?

उत्तर : केलाय बेन एन्वोन्वूने. १९१७ मध्ये नायजेरियातल्या ओनित्शाला जन्म, १९९४ मध्ये गेला. पुतळ्याचं नाव 'अन्यान्वू', इग्बो भाषेत सूर्याचा डोळा. मूळ पुतळा १९५४-५५ मधला, लागोसच्या नॅशनल म्युझियमसाठी केलेला, आणि युनोत आहे ती त्याची दुसरी प्रत, १९६६ मध्ये नायजेरियाने भेट दिलेली. आता फोटो परत काढून बघा, बाई खाली निमुळती होत गेलीय, जमिनीतून कोंब वर यावा तशी, कारण सूर्यदेवाबरोबर त्यात आनी म्हणजे भूमातासुद्धा आहे, आणि डोक्यावरचा साज थेट बेनिनच्या, म्हणजे नायजेरियातल्याच एका जुन्या राज्याच्या, राजघराण्यातला.

युरोपियन वाटणं साहजिक आहे हो, बेन लंडनच्या स्लेड स्कूल या कलाशाळेत शिकलेलाच होता. पण त्याचे वडील पारंपरिक लाकूडकाम करणारे, बेन चारेक वर्षांचा असताना ते गेले आणि त्यांची हत्यारं याच्याकडे आली, म्हणजे स्लेडच्या कितीतरी आधी शाळा सुरू झाली होती. शिवाय त्याच्या इग्बो लोकांत मुखवट्यांचे नाच, म्मान्वू म्हणतात, मुखवटा चढला की आतला माणूस कोण हे विचारायचंच नाही, पूर्वज आलेत असं धरायचं! हे नाच त्याने आयुष्यभर रंगवले. आणि गंमत बघा, १९०७ च्या सुमारास पिकासो पॅरिसच्या म्युझियममध्ये आफ्रिकन मुखवटे बघून चाट पडला होता, मग कोणी कोणाचं उचललं ते तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर बेनने घरचंच घेतलं, फक्त लंडनवरून फिरून आलेलं.

बाय द वे, १९५७ मध्ये त्याने राणी एलिझाबेथचा पुतळा केला तेव्हा ओठ आफ्रिकन केले म्हणून ओरड झाली होती.

प्रश्न : हातात पेपर घेतलेले लाकडी पुतळे त्याचेच का?

उत्तर : हो, सात आहेत. लंडनच्या 'डेली मिरर'ने १९६० मध्ये त्याला करायला सांगितलेले, उघडलेला पेपर पंखांसारखा पसरलेला, भारी आयडिया. पुढे ते गायबच झाले आणि सापडले कुठे तर लंडनमधल्या एका शाळेच्या गॅरेजमध्ये! २०१३ च्या लिलावात साडेतीन लाख पौंडांच्या वर गेले.