वर्दीचा भत्ता आणि वीस वर्षांचा हप्ता

कुलाब्याच्या नेव्हीनगरमधून एका ताईंचं पत्र आलं आहे. यजमान नौदलात पेटी ऑफिसर आहेत (नाव ‘ऑफिसर’ असलं तरी हा नाविकांमधला हुद्दा). सेवेची दहा वर्षं झाली, करारातली पाच उरली आहेत. दर जुलैत पगाराबरोबर ड्रेस अलाउन्सचे 12,500 रुपये येतात आणि गणपतीला मालवणला जाईपर्यंत संपतात. ओळखीच्या एका विमा एजंटने सुचवलंय, ‘त्याच पैशातून वर्षाला 12,000 चा हप्ता भरा. वीस वर्षांनी साधारण 4,20,000 मिळतील, वर प्राप्तिकरात 80सी ची सवलत.’ फॉर्म भरून ठेवलाय, पैसे अजून दिलेले नाहीत. सही करू का, असं त्या विचारतात.

ताई, सही करू नका. पैसा कुठे जातोय याची चिंता तुम्ही वेळेवर केलीत, ती योग्यच आहे. पण या हप्त्यासाठी हा पैसा चुकीचा आहे.

आधी हे 12,500 कशाचे आहेत ते पाहू. पूर्वी वर्दीचा, बुटांचा, धुलाईचा, किटच्या देखभालीचा असे वेगवेगळे भत्ते होते. सातव्या वेतन आयोगाने तब्बल 196 भत्ते तपासले आणि वर्दीशी जोडलेले हे सगळे एकत्र करून जुलै 2017 पासून एकच ड्रेस अलाउन्स केला. तो वर्षातून एकदा, जुलैच्या पगारात मिळतो. अधिकाऱ्यांना 20,000, जवान आणि नाविकांना 10,000. महागाई भत्ता 50 टक्क्यांना पोहोचला की यात 25 टक्के वाढ व्हायची अशी अट होती. जानेवारी 2024 मध्ये ती पाळी आली आणि 10,000 चे 12,500 झाले. म्हणजे ही वाढ पगारवाढीसारखी दरवर्षी येत नाही. पुढचा आयोग आला की दर, नाव, सगळंच पुन्हा मांडलं जाऊ शकतं.

मुख्य म्हणजे ही रक्कम एकदम हातात येते, पण ती बारा महिन्यांची आहे. महिन्याला जेमतेम 1,042 रुपये. धुलाई-इस्त्रीसुद्धा त्यातच. मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या दमट हवेत पांढरी वर्दी राखणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्हीच गेल्या वर्षीचा हिशेब लिहिलाय: कापड आणि शिलाई 3,800, बूट 1,900, धुलाई-इस्त्री महिन्याला 350 प्रमाणे 4,200. झाले 9,900. उरतात 2,600. बारा हजारांचा हप्ता घेतलात तर वर्षाला 9,400 रुपये पगारातून घालावे लागतील. तेव्हा ‘भत्त्यातून पॉलिसी’ हे फक्त बोलायला.

आणि वर्दीचा खर्च दरवर्षी सारखा नसतो. बढती झाली की हुद्द्याच्या खुणा बदलतात. कधी वरून हुकूम येतो. 4 डिसेंबर 2023 ला सिंधुदुर्गात नौदल दिन साजरा झाला, त्यानंतर त्याच महिन्यात ॲडमिरलांच्या खांद्यावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. तो पाहून मलाही अभिमान वाटला. पण असा बदल ज्याच्या वर्दीत होतो, त्याला त्या वर्षी हात सैल सोडावाच लागतो.

मला सर्वात जास्त खटकतं ते पुढचं. हप्ते वीस, आणि यजमानांचे जुलै उरलेत पाच. करार वाढवून मिळाला तर आणखी काही. पेन्शनमध्ये ड्रेस अलाउन्स नसतो, कारण वर्दीच नसते. मग उरलेले पंधरा हप्ते कुठून भरणार? निवृत्त नाविकांच्या घरी अशा अर्ध्यावर सोडलेल्या पॉलिसीची कागदपत्रं मी पाहिली आहेत. भरलेल्यापेक्षा कमी हातात पडलेलं असतं आणि त्यावर घरात बोललंही जात नाही.

परताव्याचं म्हणाल तर वर्षाला 12,000 भरून वीस वर्षांनी 4,20,000 म्हणजे साधारण 5 टक्के. तेच पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात, आजच्या 7.1 टक्क्यांनी, दर असाच राहिला तर, 5,32,000 च्या आसपास होतात. पीपीएफची मुदत पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. वर्षाला किमान 500 भरले तरी खातं चालू राहतं, ही सोय तुमच्यासाठी मोठी आहे. बुटांचं वर्ष असेल तर 500, हात मोकळा असेल तर 5,000.

80सी ची सवलत फक्त जुन्या करपद्धतीत आहे. तुम्ही लिहिलेलं वर्षाचं उत्पन्न पावणेआठ लाख. नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही. जो कर भरायचाच नाही, तो वाचवायला पॉलिसी कशाला? जुन्या पद्धतीत वर्दीवर खरोखर झालेला खर्च करमुक्त धरता येतो, नव्यात येत नाही, पण तुम्हाला त्याने फरक पडणार नाही.

विमा मात्र हवाच. सेवेत असताना नौदलाचा गट विमा आहे, निवृत्तीनंतर तो तसाच राहत नाही. म्हणून यजमानांच्या साठीपर्यंतचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) आत्ताच घ्या, हप्ता पगारातून भरा. नोकरी नौदलातली आहे हे फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा आणि कामावर असताना मृत्यू झाला तर रक्कम मिळते ना, ते कागदावर वाचून घ्या.

जुलैचे 12,500 आले की त्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाका. धोबी, शिंपी, बूट, सगळं तिथूनच. जूनअखेर जे उरेल ते पीपीएफला. मालवणच्या गणपतीसाठी ऑक्टोबरपासून महिन्याला हजाराची वेगळी आवर्ती ठेव सुरू करा, म्हणजे वर्दीच्या पैशाला हात लावावा लागणार नाही.

एजंट ओळखीचा आहे, संकोच वाटेल. तरी ‘नको’ म्हणा. आणि माझं उत्तर पोहोचेपर्यंत पैसे भरले गेलेच असतील, तर पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.