‘हेड अप’ कुठे लिहावे?

पुणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

हिंजवडीतील कंपनीसाठी तू तयार केलेला अर्ज वाचला. त्यातील ‘आय हेडेड अप द टेस्टिंग टीम’ हे वाक्य व्याकरणाला धरून आहे. मला काळजी वाटते ती त्यातल्या दाव्याची.

एखादा विभाग, समिती किंवा प्रकल्प प्रमुख या नात्याने सांभाळणे, हा ‘हेड अप’चा अर्थ. निर्णय आपण घ्यायचे आणि काम फसले तर जाबही आपणच द्यायचा, हे त्यात गृहीत असते. आपल्या पुण्यातलेच उदाहरण घे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये येथे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी स्थापन केली आणि १९१५ मध्ये निधन होईपर्यंत तिची धुरा वाहिली, म्हणून त्यांच्याविषयी ‘गोखले हेडेड अप द सोसायटी’ असे खुशाल लिहिता येते. त्यांच्यानंतर श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले. त्या घटनेसाठी मात्र ‘टुक ओव्हर’ हवे, कारण आधीच्या माणसाकडून सूत्रे स्वीकारल्याचा अर्थ ‘हेड अप’मधून निघत नाही.

तू तर टीम लीड रजेवर असताना, कोणी न सांगता, चाचण्यांची वाटणी केलीस आणि काम वेळेत पूर्ण करून घेतलेस. यासाठी इंग्रजीत ‘स्टेप इन’ आहे. ‘व्हेन अवर लीड वॉज ऑन लीव्ह, आय स्टेप्ट इन’ असे लिहिलेस, तर मुलाखतीत पुढचा प्रश्न आला तरी तुला अडखळावे लागणार नाही, आणि माझ्या मते तुझी योग्यताही त्यातच अधिक दिसते.

वापराच्या दोन गोष्टी ध्यानात ठेव. सर्वनाम मध्ये येते: ‘हेड इट अप’, ‘हेड अप इट’ नव्हे. आणि ऑफिसात सारखे कानावर पडणारे ‘हेड्स-अप’ हे नाम आहे. त्याचा अर्थ पूर्वसूचना, त्याचा नेतृत्वाशी संबंध नाही. अगदी औपचारिक लेखनात नुसते ‘हेड’ किंवा ‘लीड’ पुरते, कारण ‘अप’मुळे वाक्य थोडे बोलीकडे झुकते.

कॉलेजच्या तांत्रिक महोत्सवाच्या समितीची तू रीतसर निवडलेली प्रमुख होतीस, हे तू अर्जात लिहिलेच नाहीस. ‘हेडेड अप’ तिथे घाल आणि सुधारलेला मसुदा पाठवण्यापूर्वी मला दाखव.

तुझे,
सर