पेशी न मारता आतला रस

प्रश्न : बाई, मी रत्नागिरीत बी.एस्सी. करतो. पेशीच्या आतलं तपासायचं तर ती फोडावीच लागते ना? मग पुढे ती काय करणार होती, ते कळायचं कसं? – एक विद्यार्थी, पावस

उत्तर : शंका रास्त आहे. ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप १९८६ पासून आहे. त्यात टोकदार, लवचिक पट्टी नमुन्याला टेकते. पट्टी किती वाकली ते तिच्या पाठीवरून परतणारा लेझर सांगतो. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या मंडळींनी ही पट्टीच पोकळ केली. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. टोकाला बारीक भोक, आत द्रव, मागून दाब कमीजास्त करायची सोय. शहाळ्यात स्ट्रॉ घालावी तसंच, फक्त इथे पेशीला पडलेलं भोक बुजतं आणि ती जगते! रस निघतो पिकोलिटरमध्ये, म्हणजे लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले एकदोन. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्येच अशा थेंबातला आरएनए (पेशीत कोणती जनुकं चालू आहेत ते सांगणारा रेणू) वाचला आणि तीच पेशी पुढे काय करते तेही पाहिलं.

मला मात्र दुसरा उपयोग जास्त आवडतो. पट्टीचं भोक जरा मोठं ठेवून तळाला चिकटलेली पेशी चोखून धरायची आणि वर ओढायची. सुटताना पट्टी जितकी वाकते, तितकी पेशीची तळावरची पकड. मग दाब उलटा केला की पेशी पट्टीपासूनही सुटते, पट्टी पुढच्या पेशीला मोकळी. मिरकरवाडा बंदरात होड्यांच्या बुडाला काय काय चिकटतं, बघतोसच. त्याची सुरुवात करणारे जिवाणूही असे एकेक करून ओढून बघता येतात. काम संथ, पट्ट्याही महाग. तुमच्या कॉलेजात एवढ्यात मिळेल असं समजू नकोस.